गोचीडतापाचे निदान : नमुना घेताना या चुका टाळा

गोचीडतापात, म्हणजे गोचिडांमार्फत पसरणाऱ्या परजीवींच्या आजारात, संकरित गाय तापाने फणफणते, चारा सोडते, खांद्यापुढची लसिका गाठ सुजते आणि तरीही ‘रक्तात परजीवी आढळले नाहीत’ असा अहवाल येतो, तेव्हा दोष पुष्कळदा नमुन्याचा असतो. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी औषध आणि मग नमुना. डायमिनाझिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन दिल्यानंतर रक्तातील परजीवी झपाट्याने कमी होतात, म्हणून काचपट्टी (काचेवर रक्ताचा पातळ थर) आधी करावी आणि उपचार लगेच सुरू करावेत.

थायलेरिया या गोचीडजन्य परजीवीच्या आजारात केवळ रक्तावर विसंबू नये. हा परजीवी प्रथम लसिका पेशींत वाढतो आणि तांबड्या पेशींत नंतर उतरतो, त्यामुळे तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत रक्त निर्दोष दिसत असतानाच सुजलेल्या गाठीतून सुईने घेतलेल्या द्रवात कॉकचे निळे पिंड (लसिका पेशींत वाढणाऱ्या थायलेरियाची अवस्था) सापडू शकतात. याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे : आजारातून बरी झालेली गाय दीर्घकाळ वाहक राहते, त्यामुळे तांबड्या पेशींत दिसलेले मोजके परजीवी आजच्या तापाचे कारण आहेतच, असे मानता येत नाही.

पावसाळी दमट हवेत काचपट्टी तशीच ठेवली की तांबड्या पेशी फुटतात. ती झटपट वाळवून मिथेनॉलमध्ये स्थिर करावी. फॉर्मेलिनच्या बाटलीसोबत ती एकाच डब्यात पाठवू नये, कारण त्याच्या वाफेने जिम्सा रंग (परजीवी दिसावेत म्हणून काचपट्टीला दिला जाणारा रंग) नीट चढत नाही. रंगाचे कण आणि हॉवेल-जॉली पिंड (तांबड्या पेशीत उरलेले केंद्रकाचे अवशेष) यांना अॅनाप्लाझ्मा हा तांबड्या पेशींतील रोगजंतू समजण्याची गफलतही नेहमीची आहे. सर्रा (ट्रिपॅनोसोमा या रक्तातील परजीवीचा आजार) असल्याचा संशय असेल, तर ताज्या रक्ताचा थेंब गोठ्याजवळच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, म्हणजे वळवळणारा ट्रिपॅनोसोमा निसटत नाही.

पीसीआरसाठी (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) रक्त ईडीटीए या गोठणरोधकाच्या नळीत घ्यावे; हेपारिन हे दुसरे गोठणरोधक त्या अभिक्रियेत अडथळा आणते. गोचीड फॉर्मेलिनऐवजी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत.

संशोधकांनी एक गोष्ट विशेष जपावी. रक्ताने टम्म फुगलेल्या गोचिडात थायलेरियाचा डीएनए मिळाला, म्हणून ती प्रजाती रोगवाहक ठरत नाही, कारण तो डीएनए गायीच्या रक्तातूनच आलेला असू शकतो. थायलेरिया पसरवणारा हायलोमा जातीचा गोचीड अळी किंवा पिलाच्या अवस्थेत संसर्ग घेतो आणि पुढच्या अवस्थेत तो पसरवतो. मादीच्या अंड्यांतून थायलेरिया पुढच्या पिढीत जात नाही. बबेसिया हा दुसरा गोचीडजन्य परजीवी मात्र ऱ्हिपिसेफॅलस जातीच्या गोचिडाच्या अंड्यांतून जातो. म्हणून गोळा केलेल्या प्रत्येक गोचिडाची प्रजाती, अवस्था आणि तो कोणत्या जनावरावरून काढला याची नोंद नळीवर त्याच क्षणी करावी. पुढे स्मरणावरून केलेल्या नोंदीवर रोगप्रसाराचा निष्कर्ष उभा करता येत नाही.