मुलांच्या हातात पुस्तक देताना या चुका टाळा: चित्रपुस्तकापासून हेरकथेपर्यंत

"काकू, हा वाचतच नाही हो. काहीतरी करा."

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये पुस्तकांचं कपाट उघडलं, की अर्ध्या तासात हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. 'हा' शेजारीच उभा असतो, चपलेच्या टोकाने फरशी घासत. त्याच्याबद्दलचा निकाल त्याच्यासमोरच लागतो, आणि इतक्या वेळा लागलेला असतो की आता त्यालाही तो पटलेला असतो. ही पहिली चूक. पुस्तकाला हात लावायच्या आधीच होते, म्हणून आधी सांगून टाकली.

कोथरूडमधल्या या कपाटापाशी बसायला लागून मला आठ वर्षं झाली. पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात. काही घरी, माझ्याच मुलावर, बाकीच्या इथे. बहुतेकींच्या मुळाशी आम्हा मोठ्यांची घाई आहे.

"दहा मिनिटांत संपलं की!"

चित्रपुस्तक हातात घेतल्यावर आईबाबा आधी मागची किंमत बघतात, मग आत मजकूर किती ते. पानावर दोनच ओळी दिसल्या की पुस्तक परत फळीवर जातं.

चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात. कारण छापखान्यातलं आहे: मोठ्या कागदाला घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचा फर्मा होतो आणि पुस्तक त्याच पटीत बसवावं लागतं. इतक्या कमी जागेत चांगला चित्रकार निम्मी गोष्ट शब्दांच्या बाहेर ठेवतो. समजा, शब्द म्हणतायत, 'आजी शांत झोपली होती.' चित्रात मात्र खिडकीतून मांजर आत येतंय आणि त्याच्या तोंडात शेजारच्यांचा बोंबील आहे. वाचणारे आपण 'झोपली होती' म्हणून पान उलटून मोकळे. मूल अजून मांजराच्या शेपटीपाशी असतं.

उपाय साधा आहे. पान उलटायचा हक्क मुलाचा. आपण फक्त वाचायचं आणि गप्प बसायचं. दुसऱ्या वेळी मजकुरावर हात ठेवून गोष्ट मुलाला सांगू द्यायची. पहिलीतल्या एका मुलाने एकच पुस्तक सलग तीन शनिवार मागून घेतलं, आणि तिसऱ्या शनिवारी मला दाखवलं की प्रत्येक पानावर कुठेतरी एक मुंगी काढलेली आहे. तोवर मी ते पुस्तक वीसेक वेळा तरी वाचून दाखवलं असेल.

ही पुस्तकं फक्त लहानग्यांची, हाही एक गैरसमज. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची पुस्तकं आमच्याकडे बालवाडीतलं पोर नेतं आणि चौथीतलंही. चौथीतलं जरा लपवून नेतं, एवढाच फरक.

"आता स्वतःला वाचता येतं ना, मग?"

मूल दुसरीत गेलं, अक्षरं जुळवायला लागलं, की घरातलं मोठ्याने वाचून दाखवणं बंद पडतं. माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

पुण्यातल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं उदाहरण घ्या. घरी मराठी बोलतं, आजीची सगळी गोष्ट त्याला कळते, विनोदही कळतात. पण मराठी पान समोर आलं की सगळी ताकद जोडाक्षरं फोडण्यात जाते. 'दृष्टी'पाशी अडलं, 'कृत्रिम'पाशी अडलं. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणजे त्याच्या कानाला पेलणारी गोष्ट आणि डोळ्यांना पेलणारी गोष्ट यांत तीन-चार इयत्तांचं अंतर पडतं. डोळ्यांना जमेल तेच पुस्तक दिलं तर त्याला ते बाळबोध वाटतं, कानाला आवडेल ते दिलं तर दमछाक होते. 'मराठी पुस्तकं बोअर असतात' हे त्याचं मत या दोन्हींच्या मधे कुठेतरी तयार होतं.

त्यात आपल्या भाषेची एक गंमत आहे. 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत, आणि लिहिताना त्यांतला फरक दिसत नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचा. कागदावर दोन्ही सारखेच. शाळेत हिंदीच्या तासाला देवनागरी गिरवलेलं मूल 'चोर' हा शब्द हिंदीसारखा वाचतं आणि बाकीची मुलं खिदळतात. रहस्यकथेत चोर तर पानोपानी असतो! अशा वेळी मराठी भरपूर ऐकलेल्या मुलाचा कान डोळ्याला सांभाळून घेतो. ज्याला दोन वर्षांत कुणी वाचूनच दाखवलेलं नाही, ते तिथेच गप्प होतं.

म्हणून पाचवी-सहावीपर्यंत तरी वाचून दाखवा. आलटून-पालटून वाचलं तर उत्तम: तुमची दोन पानं, त्याचा एक परिच्छेद. अडलं तर तो शब्द हळूच सांगून पुढे जायचं. 'नीट बघ, काय लिहिलंय?' हे तिथे नको. आणि थांबायचं ते प्रकरण संपल्यावर नाही, तर दाराची कडी वाजली आणि दार अजून उघडायचं आहे, अशा जागी. पुस्तक तिथेच उपडं ठेवून कुकर लावायला निघून जा. दर वेळी जमत नाही. माझ्या मुलाने एकदा ते पुस्तक खुशाल बाजूला सारलं आणि टीव्ही लावला. पण पाचातल्या दोनदा जरी पोराने उपडं पुस्तक सुलटं केलं, तरी पुष्कळ झालं.

चित्रपुस्तकावरून थेट दोनशे पानांवर

सात ते दहा ही वर्षं म्हणजे जिन्याच्या मधल्या पायऱ्या, आणि नेमक्या त्याच आपण गाळतो. बारीक टाइपाचं जाडं पुस्तक वाढदिवसाला येतं, कव्हर घालून कपाटात जातं आणि तिथेच राहतं. या वयाला लहान प्रकरणं, मोठा टाइप आणि शक्यतो मालिका हवी. मालिकेत माणसं ओळखीची असतात, त्यामुळे दुसऱ्या पुस्तकात शिरायला कष्ट पडत नाहीत. 'तेच तेच काय वाचतोस?' असं म्हणू नका. त्या तेच-तेचमुळेच वेग येतो.

पाच बोटांची युक्ती अनेकांना माहीत असेल: मधलंच एखादं पान वाचायला द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाचही दुमडली तर पुस्तक अजून जड आहे. मराठीसाठी मी त्यात एक बदल करते. नुसता उच्चार अडला तर बोट दुमडायचं नाही, अर्थ अडला तरच. नाहीतर इंग्रजी माध्यमातल्या मुलाला आयुष्यभर दोन ओळींचीच पुस्तकं मिळतील.

पैसे न घालवता चाचपून बघायचं असेल, तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या मिळतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. अंक पाडव्यापासून दिवाळीपर्यंत क्रमाने वाचायची मात्र गरज नाही. कोडं सोडवून मिटला, तरी तो वाचलाच.

"आम्ही हेच वाचून मोठे झालो"

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मुलाला घेऊन आलेले बाबा बऱ्याचदा स्वतःचं लहानपण विकत घ्यायला आलेले असतात. मूल एका पुस्तकाकडे बोट दाखवतं, बाबा म्हणतात, "ते ठेव, हे बघ, फास्टर फेणे!"

भा. रा. भागवतांचा हा सायकलवरचा, पुण्याजवळच्या फुरसुंगीचा पोरगा मलाही जिवाभावाचा आहे. पण आजच्या मुलाला फुरसुंगी म्हटल्यावर आयटी पार्क आठवतो. मागे एकाने शांतपणे सांगितलं, "तिथे माझ्या बाबांचं ऑफिस आहे." संकटात सापडल्यावर फोन का केला नाही, हा प्रश्न तर ठरलेलाच. तार म्हणजे काय ते सांगावं लागतं, कारण ती सेवा २०१३ च्या जुलैमध्येच बंद झाली. म्हणून जुनं पुस्तक नुसतं हातात कोंबू नये. पहिली दोन प्रकरणं स्वतः वाचून दाखवा आणि ट्रंक कॉल, तार, डबलसीट सायकल यांचा खुलासा जाता जाता करा. तरीही आवडलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. आणि मुलाने बोट दाखवलेलं ते दुसरं पुस्तकही घ्या.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तिथे एकाच दुपारी वीस पुस्तकं घेऊन टाकणं हाही याच घाईचा प्रकार. त्यापेक्षा दोन घ्या आणि एखाद्या वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आजही भर पेठेत उभं आहे. नेलेलं पुस्तक परत करायचं असतं, म्हणून ते वाचलं जातं.

हेरकथेला 'टाइमपास' म्हणणं

'काहीतरी चांगलं वाच' म्हणून हेरकथा काढून घेणारे पालक मी पाहिलेत. खरं तर मुलाला आपणहोऊन पानं मागे उलटायला लावणारा दुसरा प्रकार मला माहीत नाही. लेखकाने पुरावा आधीच कुठेतरी ठेवलेला असतो, चारचौघांत मिसळून. तो निसटला की मूल स्वतःच परत जातं आणि पुन्हा वाचतं. धड्याखालच्या प्रश्नांसाठी ते कधी असं परत जाईल?

इथली माझी चूक ऐका. एकदा उत्साहाच्या भरात पुस्तक देता देता बोलून गेले, "त्यातला मामा कसला डांबरट आहे बघ!" मुलाने पुस्तक तिथेच टेबलावर ठेवलं. "मग आता काय वाचू?"

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. एक हेरकथा तीन-चार शनिवारी मिळून वाचायची, शेवटचं प्रकरण बंद ठेवायचं, आणि प्रत्येकाने संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गोष्ट एका वाड्यातल्या चोरीची होती. बारा मुलांपैकी सात जणांनी घरगड्याचं नाव लिहिलं. "का?" विचारलं तर एकजण म्हणाला, "तो गरीब आहे ना." गोष्टीत त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. मला पुष्कळ बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. एवढंच म्हटलं की ज्याचं नाव घ्याल, त्याच्यासाठी पान क्रमांक द्यायचा. सातही चिठ्ठ्या परत घेतल्या गेल्या आणि पुस्तकावर झुंबड उडाली. वीस मिनिटांनी एक मुलगी ओरडली, "पान चौदा! हे म्हणतात पावसातून आलो, आणि छत्री कोरडी कशी?"

तो नियम आता कायमचा आहे: नाव सांगायचं तर पान सांगायचं.

गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलास?' हे मात्र विचारू नका. विचारायचंच असेल तर 'तुला कधी कळलं?' असं विचारा, मग बडबड थांबता थांबणार नाही. तेरा-चौदाच्या मुलांना तर काहीच विचारू नका. मराठीत त्यांच्या वयाची पुस्तकं कमी आहेत, ती इंग्रजीकडे वळणारच. एखादं पुस्तक तुम्हाला फार भडक वाटलं, तर आधी स्वतः पूर्ण वाचा आणि मग बोला. मुखपृष्ठ बघून बोललात, तर पुढचं पुस्तक तुम्हाला दिसणारच नाही.

एका तक्रारीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही: "काकू, ही शेवटचं पान आधी वाचते." आमच्याकडे अशी एक आहे, सहावीतली. सुरुवातीला मी शेवटची पानं क्लिपने बंद करून द्यायचे. मग एकदा तिनेच सांगितलं, "चोर कोण ते मला आधीच कळलेलं बरं असतं. मग तो कसा कसा खोटं बोलतोय ते बघता येतं." क्लिपा आता ड्रॉवरमध्ये आहेत.