कसबा पेठ ते मंडई: घरच्यांबरोबर पायी पुणे

जुनं पुणं बघायला गाडी काढू नका. पेठांत पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते. भुयारी मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरायचं आणि मंडईला परत चढायचं. मधली चाल दोनेक किलोमीटरची, थांबत-थांबत गेलं तर आजी-आजोबांनाही झेपते. मात्र उन्हं चढायच्या आत निघा, आणि गणपतीचे दहा दिवस टाळा.

आधी कसबा गणपती. ग्रामदैवताचं दर्शन घेऊन लाल महालाकडे वळा. १६६३ साली शायिस्ताखानाची बोटं तुटली ती इथेच. पण आजची वास्तू महापालिकेने नव्याने उभारलेली आहे, हे मुलांना सांगून टाका. इथे फार रेंगाळू नका.

वेळ राखून ठेवायचा तो शनिवारवाड्यासाठी. तिकिटाच्या रांगेत एकाला उभं करा आणि बाकीच्यांनी दिल्ली दरवाजा नीट पाहून घ्या. दारावरचे अणकुचीदार खिळे माणसाच्या डोक्याच्या बरेच वर आहेत. ती उंची हत्तीच्या कपाळाची. धडक मारायला आलेला हत्ती तिथेच थबकावा म्हणून. उत्तर सांगायची घाई करू नका, मुलांना ओळखू द्या.

आत गेल्यावर "वाडा कुठाय?" हा प्रश्न येणारच. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८च्या आगीत जळाला, उरली ती जोती. आधी नगारखान्यावर चढा. तिथून सगळ्या जोत्यांचा नकाशा दिसतो. मग खाली उतरून हजारी कारंजं शोधायला लावा. 'काका, मला वाचवा'ची गोष्ट जरा मोठ्या मुलांसाठी ठेवा, नाहीतर रात्री तुमचीच झोपमोड.

पुढे बाजीराव रस्त्याने अप्पा बळवंत चौकातून सरळ विश्रामबागवाड्याला. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा मुद्दाम नंतर ठेवायचा: जोत्यांवर काय उभं असायचं ते इथे दिसतं. दर्शनी भागाचं लाकडी कोरीवकाम रस्त्याच्या पलीकडून बघा, अगदी खाली उभं राहून मान दुखते आणि निम्मं दिसत नाही.

तुळशीबागेत आधी राममंदिर, मग भातुकली. उलटं केलंत तर मंदिर राहिलंच म्हणून समजा. शेवटी १८८६ सालची मंडई, अष्टकोनी मनोऱ्याची. भाजी घ्यायची असेल तर पिशवी घरून आणा. स्टेशन शेजारीच आहे.