विदर्भातल्या गावात लँडस्केप फर्म सुरू करताय? या चुका टाळा

विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये कुणाचंही काम हिरवंगार दिसतं. परीक्षा असते ती पुढच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या वर चढल्यावर. नवी फर्म बदनाम होते ती याच दोन महिन्यांत, आणि कारण सापडतं आदल्या वर्षीच्या कोटेशनमध्ये.

पाणी न मोजता लॉन कबूल करणं

सगळ्यात महागडी चूक हीच. एका चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. मे महिन्यात लॉनला रोज किमान ६ मिमी धरा. १,००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोज साधारण ५६० लिटर. मालक फार्महाउसवर ५,००० चौरस फूट लॉन मागतो तेव्हा तो रोज २,८०० लिटर पाणी मागत असतो, आणि त्याच महिन्यात विहीर तळाला गेलेली असते.

आता दुसरा हिशेब. १०० नव्या झाडांना आठवड्यातून दोनदा २० लिटर दिलं, तर रोजचे पडतात सुमारे ५७० लिटर. हजार फूट लॉनच्या पाण्यात शंभर कडुनिंब, करंज, बहावे जगतात. हे आकडे मालकापुढे कागदावर मांडा, तो स्वतःच लॉन कमी करतो. कोटेशन देण्याआधी विहीर-बोअर मे महिन्यात किती तास चालते, हे मालकाला नाही, मोटार चालवणाऱ्या गड्याला विचारा. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात (जिथलं भूजलच खारं) तर पाण्याची तपासणी आधी, आराखडा नंतर.

सगळीकडे एकाच दराने खड्डे

३×३×३ फुटांचा खड्डा म्हणजे २७ घनफूट. १०० खड्डे म्हणजे २७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मुरमाड जागेवर हा सगळा माल बाहेरून येतो: अंदाजे १८ ब्रास माती, ९ ब्रास शेणखत, शिवाय माती बसते म्हणून थोडी जास्त. ‘खड्ड्यामागे इतके’ असा सरसकट दर लावला की नफा ट्रॉलीच्या भाड्यातच जातो.

काळ्या भारी जमिनीत दुखणं उलटं. तिथे खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, मुळं कुजतात. खड्डा पाण्याने भरून बघा. २४ तासांनी पाणी तसंच उभं असेल तर झाड जमिनीपेक्षा ९ इंच ते १ फूट उंच वरंब्यावर लावा. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात, म्हणून आळ्यात ३-४ इंच तणस किंवा पालापाचोळा हवाच. शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या, कच्च्याने वाळवी येते. पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम ६-६ इंचांच्या थरांनी, पाणी मारून दाबा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर वाट लाटांसारखी होते.

नाव, करार, फी

वास्तुविशारद परिषदेची नोंदणी नसेल तर फर्मच्या नावात नुसता ‘आर्किटेक्ट’ शब्द लावू नका. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने तो राखीव आहे, ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला मात्र त्याच कायद्यात सूट आहे. ‘लँडस्केप डिझाइन’ही चालतं. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की सेवांवर जीएसटी नोंदणी लागते. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) सुरुवातीलाच करा: कंपनी किंवा रिसॉर्टशी लेखी करार असेल तर ४५ दिवसांच्या आत पैसे देणं त्यांना बंधनकारक ठरतं.

आराखडा फुकट आणि कमाई झाडांवर, ही पद्धत सोडा. मग झाड जितकं महाग तितकं सुचवावंसं वाटतं, आणि आराखडा घेऊन मालक थेट नर्सरीत जातो. आराखड्याची फी वेगळी, काम वेगळं, वर्षभराची निगा वेगळी लिहा. मेलेलं झाड कोण बदलणार आणि पाणी कोण देणार, ही दोन वाक्यं करारात नसतील तर सही करू नका. मालक शेतकरी असेल तर मोठा हप्ता कापूस-सोयाबीन विकल्यानंतरचा ठेवा. जूनमध्ये त्याचा पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो.

जूनमध्ये चार साइट घेणं

फर्म वाढताना इथेच मोडते. लागवडीचा आणि पेरणीचा हंगाम एकच, मजूर तेच. दिवाळीच्या सुमारास पुन्हा कापूस वेचणी. म्हणून खड्डे, मुरूम, पाइपलाइन फेब्रुवारी ते मेमध्ये उरका. जूनच्या शेवटी, जमीन चांगली भिजल्यावर फक्त झाडं लावायची उरली पाहिजेत. एक साइट मोर्शीला आणि दुसरी वणीला असेल तर माळ्याचा दिवस गाडीतच जातो. पहिली दोन वर्षं एक-दोन तालुक्यांतच राहा.

ठिबक लावून निघून जाणं

झाडाला तासाला ४ लिटर देणारे दोन ड्रिपर असले तर २० लिटरला अडीच तास लागतात. पण टाकी कमी उंचीवर असली किंवा क्षार साचले की पाणी निम्मंच पडतं. ड्रिपरखाली बाटली धरा: १५ मिनिटांत १ लिटर भरायला हवं. कमी भरलं तर फिल्टर धुवा, लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून गाळ सोडा. साइट सोपवताना कोणता व्हॉल्व्ह, कोणत्या वारी, किती तास, हे मराठीत लिहून पंपाच्या पेटीवर चिकटवा, आणि गड्याकडून ते एकदा तुमच्यासमोर चालवून घ्या.