सिस्प्लेक्समधल्या सिस्टीमनी आयपीएलच्या वेळी कोणत्या वाटेनं बोलायचं?

मी झेड/ओएस या आयबीएमच्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टीमवर सिस्टीम प्रोग्रॅमर म्हणून काम करते. नवी सिस्टीम सिस्प्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सिस्टीमच्या गटात, घ्यायची असली, की बहुतेक जण आधी डिस्क, मग कॅटलॉग, मग सुरक्षा असं पाहत जातात. एक्ससीएफचे (सिस्टीमची एकमेकींशी संदेशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाचे) सिग्नलिंगचे मार्ग बघायची पाळी शेवटी येते. माझं म्हणणं आहे की ते सगळ्यात आधी कागदावर मांडा. आयपीएल होताना, म्हणजे सिस्टीम बूट होताना, या मार्गांवरून सिस्टीमची दुसऱ्या सिस्टीमशी गाठ पडली नाही, तर बाकी काहीही तयार असून उपयोग नाही.

पहिला निर्णय आयईएसिसएक्सएक्स या मेंबरमधल्या (मेंबर म्हणजे पार्मलिब या सेटिंगांच्या लायब्ररीतली एक फाईल) प्लेक्ससीएफजी या पॅरामीटरचा. सिस्टीम एकटीच राहणार असेल आणि कपल डेटासेटही (सिस्प्लेक्सची माहिती ठेवणारी डिस्कवरची फाईल) नको असेल, तर एक्ससीएफलोकल. एकटीच पण कपल डेटासेटसह हवी असेल, तर मोनोप्लेक्स. या दोन्हींत सिग्नलिंगचे मार्ग लिहावे लागत नाहीत. एकाहून जास्त सिस्टीम एकत्र नांदणार असतील, तर मल्टिसिस्टीम. काहीच लिहिलं नाही तर एनी, म्हणजे यातलं कुठलंही चालेल, असं धरलं जातं. मी ते कधीच तसं सोडत नाही, कारण इथे जे लिहाल त्यावरून पुढचा माणूस तुमचा हेतू ओळखतो.

खरी निवड कपलएक्सएक्स या मेंबरमध्ये होते. पाथआउट म्हणजे या सिस्टीमकडून बाहेर जाणारी वाट, पाथइन म्हणजे आत येणारी. दोन्हींसाठी दोन पर्याय आहेत: सीटीसी (चॅनेल-टू-चॅनेल) उपकरणं, म्हणजे दोन सिस्टीममधली थेट जोडणी, किंवा कपलिंग फॅसिलिटीतली, म्हणजे सगळ्या सिस्टीमच्या सामायिक मेमरीतली, लिस्ट स्ट्रक्चर. सिस्प्लेक्स १९९० साली आलं तेव्हा सीटीसीच होतं. कपलिंग फॅसिलिटी १९९४ पासून मिळू लागली आणि तिच्याबरोबर स्ट्रक्चरमधून बोलण्याची सोयही.

सीटीसीचं गणित आधी करून बघा. एक्ससीएफसाठी सीटीसीची प्रत्येक वाट एकाच दिशेची असते आणि प्रत्येक सिस्टीमची प्रत्येक दुसरीशी जाणारी-येणारी वाट लागते. तीन सिस्टीमना सहा वाटा, चारांना बारा, आठांना छप्पन्न. प्रत्येकीला एक पर्यायी वाट ठेवायची तर आठांसाठी एकशे बारा. शिवाय अ सिस्टीमवर जे उपकरण पाथआउट म्हणून लिहिलंत, त्याचं ब वरचं दुसरं टोक पाथइन म्हणूनच लिहिलेलं असलं पाहिजे. दोन्हीकडे पाथआउट लिहिलं, तर दोघी बोलत राहतात आणि ऐकणारी कुणीच नसते. यासाठी मी एक तक्ता करते: डावीकडे पाठवणारी सिस्टीम, वर घेणारी, आणि प्रत्येक घरात उपकरणाचा क्रमांक. पाठवणाऱ्या टोकांना एका अंकानं सुरू होणारे क्रमांक आणि घेणाऱ्यांना दुसऱ्या अंकानं सुरू होणारे, असा नियम एकदा लावला की चूक कागदावरच दिसते.

स्ट्रक्चरमध्ये हा पसारा नाही. सगळ्या सिस्टीमवर त्याच नावाची पाथइन आणि पाथआउट लिहायची. कोणाची वाट कोणाकडे, हे एक्ससीएफ स्वतः जुळवतो. नवी सिस्टीम आली तरी जुन्या मेंबरांना हात लावावा लागत नाही. नाव मात्र आयएक्ससी या अक्षरांनी सुरू झालं पाहिजे आणि ते स्ट्रक्चर सीएफआरएम पॉलिसीत (कोणतं स्ट्रक्चर कुठल्या फॅसिलिटीत आणि केवढं, हे सांगणाऱ्या नियमांत) असलं पाहिजे. आकार सिस्टीमच्या संख्येबरोबर वाढतो, म्हणून तो अंदाजानं टाकू नका. आयबीएमचं सीएफसायझर हे आकार काढायचं साधन वापरा आणि आज आहेत तेवढ्या सिस्टीम न धरता पुढच्या दोन वर्षांत येतील तेवढ्या धरा.

नव्या उभारणीत माझी पसंती दोन स्ट्रक्चरना, दोन वेगळ्या कपलिंग फॅसिलिटींमध्ये. पहिल्याच्या प्रेफलिस्टमध्ये, म्हणजे पसंतीच्या फॅसिलिटींच्या यादीत, पहिली फॅसिलिटी आधी, दुसऱ्याच्या यादीत क्रम उलटा, आणि एक्सक्ललिस्टमध्ये (ज्यांच्याबरोबर एका फॅसिलिटीत बसायचं नाही त्यांच्या यादीत) एकमेकांची नावं, म्हणजे दोन्ही शक्यतो एकाच घरात जाऊन बसत नाहीत. दोन्ही फॅसिलिटी एकाच मशीनमध्ये असतील तर त्यांना दोन समजू नका. मशीन बंद पडलं की दोन्ही वाटा एकदमच जातील.

कपलिंग फॅसिलिटी एकच असेल, तर सीटीसी काढू नका. स्ट्रक्चर आणि सीटीसी दोन्ही लिहा. एक्ससीएफ दोन्ही वापरतो. स्ट्रक्चर वापरायला सीएफआरएमचा कपल डेटासेट आणि पॉलिसी दोन्ही लागतात. त्यामुळे कपलएक्सएक्समध्ये सीएफआरएमची डेटा टाइप ओळ आहे ना, तिच्यातली मुख्य आणि पर्यायी डेटासेटची नावं बरोबर आहेत ना, हे आयपीएलआधी बघा. सीटीसीला यातलं काही लागत नाही, आणि पॉलिसी बिघडलेल्या रात्री त्याची किंमत कळते.

आता एक प्रसंग. एका ठिकाणी तीन सिस्टीम होत्या. क ही तिसरी सिस्टीम मी तिथे येण्याच्या आधी जोडली गेली होती आणि तिच्या सीटीसी वाटा सेटएक्ससीएफ स्टार्ट या कमांडनं चालू सिस्टीमवर सुरू केलेल्या होत्या. सगळं व्यवस्थित चालत होतं. सहा महिन्यांनी देखभालीसाठी अ खाली घेतली आणि परत आयपीएल केली. ब शी तिची गाठ पडली, क शी पडेना, आणि क चालू असताना तिच्याशी जोडणी झाल्याशिवाय अ ला सिस्प्लेक्समध्ये प्रवेश नाही. कन्सोलवर जोडणी होत नसल्याचा संदेश येऊन ती तिथेच थांबली. कारण शोधायला आम्हाला जवळजवळ तास लागला: कमांडनं सुरू केलेली वाट फक्त त्या आयपीएलपुरती जगते आणि कपलएक्सएक्समध्ये क च्या ओळी कुणी लिहिल्याच नव्हत्या. ब वरून मेंबर दुरुस्त करून अ पुन्हा आयपीएल केली, तेव्हा ती आत आली. त्या रात्रीपासून मी सेटएक्ससीएफची कमांड देण्याआधी मेंबरमधली ओळ लिहून ठेवते.

ट्रान्सपोर्ट क्लासवर, म्हणजे संदेशांचे आकारानुसार गट पाडण्यावर, फार वेळ घालवू नका. झेड/ओएस २.४ पासून एक्ससीएफ संदेशांच्या आकाराची व्यवस्था बरीचशी स्वतः बघतो. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल, तर ९५६ बाइटचा मूळ क्लास ठेवा आणि मोठ्या संदेशांसाठी दुसरा, वेगळ्या वाटांसह.

आयपीएलच्या वेळी कन्सोलसमोर बसणाऱ्याला दोन प्रश्न आधीच सांगून ठेवा. आयएक्ससी४०५डी आलं तर 'आय' हे उत्तर म्हणजे सिस्प्लेक्स नव्यानं सुरू करणं, 'जे' हे उत्तर म्हणजे असलेल्यात सामील होणं. बाकी सिस्टीम खरोखर चालू असतील, तर आय देणं घातक आहे, म्हणून उत्तर देण्याआधी दुसऱ्या कन्सोलवर जाऊन बघावं. आयएक्ससी२०७ए आलं तर नवा कपल मेंबर विचारला जातोय. त्यासाठी एक तपासलेला पर्यायी मेंबर पार्मलिबमध्ये तयार असू द्या आणि त्याचा क्रमांक कन्सोलजवळ लिहून ठेवा.

सिस्टीम आत आल्यावर आयएक्ससी४६६आय हे संदेश मोजा. येणारी आणि जाणारी जोडणी दोन्ही दिसली पाहिजे. मग डी एक्ससीएफ,पाथइन आणि डी एक्ससीएफ,पाथआउट देऊन आपल्या तक्त्याशी घर न् घर ताडून बघा. शेवटी शांत वेळी एक वाट सेटएक्ससीएफ स्टॉपनं बंद करा. ती शेवटची असेल तर कमांडमध्ये अनकॉन्ड (म्हणजे बिनशर्त) दिल्याशिवाय एक्ससीएफ ती बंद करायला नकार देतो, आणि तो नकार आला तर तुमच्या तक्त्यातलं एक घर अजून रिकामं आहे. बंद झाली आणि दोन्ही सिस्टीम बोलत राहिल्या, तर ती पुन्हा सुरू करा आणि दुसऱ्या वाटेनं हेच करून बघा.