दवाखान्यातून विधानसभेकडे: नाशिकच्या डॉक्टरने अर्ज भरण्याआधी काय करावे

निवडणूक लढवायचे ठरले, की सगळ्यात आधी रुग्णसेवा आणि प्रचार यांचे दप्तर वेगळे करा. रुग्णांचे मोबाइल नंबर उपचारासाठी तुमच्याकडे आले आहेत. त्यांवर प्रचाराचा एकही संदेश जाता कामा नये. केसपेपर कार्यकर्त्यांच्या हाती पडू देऊ नका.

पेठ, सुरगाणा, हरसूल भागातले शिबिर गोळ्या वाटून उरकू नका. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर तपासा आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची सोल्युबिलिटी चाचणी (प्राथमिक रक्तचाचणी) करा. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. नमुना एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या खात्रीच्या तपासणीला पाठवावाच लागतो. अहवाल पाड्यावर कोण पोचवणार, हे शिबिराआधीच ठरवा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. आचारसंहितेत मात्र पक्षाच्या झेंड्याखाली मोफत औषधे नकोत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार ती मतांसाठी दिलेली लाच ठरू शकते आणि जिंकलेली जागाही जाऊ शकते.

सरकारी डॉक्टरने राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर झाल्याचे पत्र हवे. विभागीय चौकशी किंवा बाँडची (करारानुसार सक्तीची) सरकारी सेवा बाकी असेल तर मंजुरी रखडते, म्हणून काही महिने आधीच हालचाल करा. शासनाला औषधे किंवा साहित्य पुरवण्याचा करार चालू असल्यास त्याच कायद्याचे अपात्रतेचे कलम ९-अ आड येते. वकिलाला कागद दाखवा.

मतदारसंघाचे आरक्षण पाहा: दिंडोरी, कळवण, बागलाण आणि इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी, तर देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. थेट वरच्या निवडणुकीत उडी घेण्यापेक्षा जिल्हा परिषदेपासून सुरुवात केलेली बरी, असे आमचे मत. एमबीबीएस झालेल्या डॉ. भारती पवार आधी जिल्हा परिषदेत होत्या. दिंडोरी लोकसभेत २०१४ ला हरल्या, २०१९ ला जिंकल्या आणि २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या.

विधानसभेच्या अर्जासोबत १०,००० रुपये अनामत लागते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा. अर्जाचे चारपर्यंत संच देता येतात. किमान दोन द्याच. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका, 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहा. हॉस्पिटलचे कर्ज, सोनोग्राफी मशिनसह सगळी मालमत्ता आणि पती किंवा पत्नीचे उत्पन्नही त्यात येते. उपचारातल्या निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा प्रलंबित असेल, तर तो लपवू नका. मतदानापूर्वी वृत्तपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीरही करावा लागतो. डॉक्टर हमखास चुकतात ते राज्यघटनेशी निष्ठेच्या शपथेत: अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या तारखेआधी ती घ्यावी लागते. राहिली तर अर्ज बाद.

निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. खर्चमर्यादा ४० लाख. दवाखान्याच्या खात्यातून मंडप, गाड्या यांचे पैसे दिले, तर तपासणीत हिशेब जुळत नाही. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या. सबळ कारणाशिवाय तो चुकवला, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, हरलेल्यालाही.