नॅचरल ट्वेंटी म्हणजे पौ बारा नव्हे: डीअँडडी खेळताना या चुका टाळा

राजदरबार भरलेला. पहिल्या लेव्हलचा बार्ड, म्हणजे गाणाराबजावणारा जादूगार, पुढे होतो आणि म्हणतो, "महाराज, सिंहासन मला देऊन टाका." टेबलावर हशा. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीअँडडी: खेळाडू एकेक पात्र होतात आणि वीस बाजूंच्या फाशावर त्याचं नशीब ठरतं. मी डीएम, गोष्ट सांगणारा आणि निकाल देणारा. हसण्याच्या भरात बोलून जातो, "टाक पर्स्वेजन." मन वळवायचा फासा गडगडतो, आणि वीस! सगळे खुर्च्यांवरून उठून ओरडतात. त्यानंतरची वीस मिनिटं आमच्या हॉलमध्ये जे झालं त्याला खेळ म्हणत नाहीत, सोसायटीची वार्षिक सभा म्हणतात.

चूक बार्डची नव्हती, फाशाचीही नव्हती. माझी होती. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत नॅचरल ट्वेंटीला, म्हणजे फाशावर थेट पडलेल्या वीसला, आपोआप यश मिळतं ते फक्त अटॅक रोलवर, म्हणजे वार करतानाच्या फाशावर. एबिलिटी चेकवर, म्हणजे कौशल्य आजमावताना, वीस म्हणजे वीस अधिक तुमचा मॉडिफायर (पात्राच्या कौशल्याची भर), बास. पर्स्वेजनला +५ असेल तर बेरीज २५, आणि डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ३० असेल तर वीस पडूनही काम होत नाही. नॅचरल वनचंही तेच: अटॅक हमखास चुकतो, पण कुलूप उघडायला +११ असलेल्या रोगला (चोर पात्राला) एक पडला तरी १२ होतात, आणि डीसी १० चं कुलूप निमूटपणे उघडतं. डेथ सेव्हची, म्हणजे मरणाच्या दारातल्या फाशाची, गोष्ट वेगळी. तिथे वीस पडले की १ हिट पॉइंट (जीवाचा गुण) घेऊन उठता, एक पडला की दोन अपयशं एकदम लागतात.

पण नियम पाठ करून हा तंटा मिटत नाही. खरा उपाय फासा हातात येण्याआधीचा आहे. जे घडणंच शक्य नाही त्यासाठी रोल मागू नका. आणि तोंडातून निघून गेलंच तर यश म्हणजे काय ते आधी सांगून टाका: "वीस आले तर राजा हे विनोदावर नेईल. कमी आले तर तळघर."

या एका चुकीतच बाकीच्या चुकांचं मूळ सापडतं. बार्डला वाटलं होतं की वीस म्हणजे विजय, कारण तो व्हिडिओ गेम खेळून आला होता. टेबलावर चुकणारे बहुतेक नियम असे कुठून तरी बरोबर आलेले असतात: दुसऱ्या गेममधून, जुन्या आवृत्तीतून, सिरीजमधून, नाहीतर थेट आजीच्या गोष्टींतून.

बाल्डर्स गेटहून आलेले

२०२३ साली बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम आला आणि टेबलावर नव्या लोकांची रांग लागली. फार चांगलं झालं. मात्र तो गेम पाचव्या आवृत्तीवर बेतलेला असला, तरी बनवणाऱ्यांनी त्यात आपल्या सोयीचे बदल केलेत. तिथे स्किल चेकवर वीस म्हणजे यश आणि एक म्हणजे अपयश असतंच. धक्का मारणं बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे मुख्य कृतीसोबतच्या छोट्या जादा कृतीत, बसतं. स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी, कुणीही वाचतो, रांगडा लढवय्या बार्बेरियनसुद्धा. टेबलावर पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनी धक्का मारायला अटॅक खर्च होतो, आणि स्क्रोलमधला स्पेल (मंत्र) तुमच्या क्लासच्या, म्हणजे पात्राच्या प्रकाराच्या, यादीत नसेल तर ती तुमच्यासाठी रद्दी. हेस्ट या वेग वाढवणाऱ्या स्पेलबद्दल तर बोलायलाच नको. तिथे त्यातून मिळणाऱ्या जादा ॲक्शनमध्ये पुन्हा स्पेल टाकता येतो. इथे एक शस्त्राचा वार, डॅश (धावणं), डिसएंगेज (मार न खाता बाजूला होणं), लपणं किंवा एखादी वस्तू वापरणं, एवढंच.

गेमचे बदल आवडत असतील तर खुशाल ठेवा. आम्हीही औषधाची बाटली बोनस ॲक्शनमध्ये प्यायला लागलो होतो, आणि पुढे त्याच आवृत्तीच्या २०२४ च्या सुधारित पुस्तकाने तेच अधिकृत केलं. फक्त पहिल्याच सेशनला सांगून ठेवा. लढाईच्या मधोमध सांगितलेला घरचा नियम पक्षपातासारखा वाटतो.

२०१४ की २०२४?

हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. तेव्हापासून नियम इतक्या वेळा बदललेत की एकाच टेबलावर तीन पिढ्यांचं ज्ञान बसलेलं असतं. आमच्याकडे एक दादा आहेत, कॉलेजात तिसरी आवृत्ती खेळलेले. झाडीतून हल्ला झाला की ते अजूनही "सरप्राइज राउंड!" असं ओरडतात. पाचव्या आवृत्तीत असा राउंडच नाही. २०१४ च्या नियमांत बेसावध सापडलेल्याला पहिल्या टर्नमध्ये हलता येत नाही, काही करता येत नाही, आणि तो टर्न संपेपर्यंत रिॲक्शनही (दुसऱ्याच्या टर्नमधली उत्तरादाखल कृती) मिळत नाही. २०२४ मध्ये हे फार सौम्य झालंय: इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळी ठरवणाऱ्या फाशाला, डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा घेणं), बाकी काही नाही. एकाने जुनं पुस्तक वाचलंय, दुसऱ्याने नवं, आणि दोघेही बरोबर आहेत. असलं भांडण मिटवणं सगळ्यात अवघड.

स्पिरिच्युअल वेपन या हवेत शस्त्र उभं करणाऱ्या स्पेलचंही तसंच. २०१४ मध्ये त्याला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल टिकवायचं सततचं लक्ष, लागत नव्हतं, २०२४ मध्ये लागतं. ब्लेस हा आशीर्वादाचा स्पेल चालू ठेवून हवेत हातोडा फिरवणारा क्लेरिक, म्हणजे पुजारी पात्र, नव्या नियमांत एकदम अर्धा होतो. म्हणून कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या मोहिमेच्या, व्हॉट्सॲप ग्रुपच्या वर्णनात पहिली ओळ आवृत्तीच्या सालाची असू द्या. पुस्तकं महाग वाटत असतील तर दोन्हींचे मूळ नियम एसआरडी नावाने फुकट आणि कायदेशीर मिळतात: ५.१ म्हणजे २०१४ चे, ५.२ म्हणजे २०२४ चे.

कॉन्सन्ट्रेशन: सगळ्यात जास्त विसरला जाणारा नियम

लक्षण असं: तिसऱ्या-चौथ्या लेव्हलपासून क्लेरिक आणि विझर्ड भलतेच भारी वाटायला लागतात, फायटरवाला मोबाइल चाळत बसतो. खुशाल समजा की कॉन्सन्ट्रेशन कुणी मोजत नाहीये.

एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशन स्पेल. ब्लेस चालू असताना होल्ड पर्सन हा तसाच दुसरा स्पेल टाकला की ब्लेस त्याच क्षणी संपतो. मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (दमाचा फासा), डीसी १० किंवा झालेल्या डॅमेजच्या निम्मे, यातलं मोठं जे असेल ते. ९ डॅमेज, डीसी १०. २८ डॅमेज, डीसी १४. एकाच टर्नमध्ये तीन बाण लागले तर तीन वेगळे सेव्ह. हे डीएमच विसरतो, कारण त्याच्या डोक्यात आधीच सहा गॉब्लिन असतात. आमच्याकडे यावर स्वस्तातला उपाय आहे. कॉन्सन्ट्रेशन चालू असेल त्याच्यापुढे एक लाल कॅरमची सोंगटी, म्हणजे राणी, ठेवायची. राणी एकच, त्यामुळे एका माणसाचे दोन स्पेल आपोआप बंद. दोन कास्टर (स्पेल टाकणारे) असतील तर दुसऱ्याला स्ट्रायकर.

अंधारात दिसतं म्हणजे नक्की काय दिसतं

एल्फ, ड्वार्फ, टीफलिंग अशा वंशांची मंडळी जमली की कुणी मशाल विकत घेत नाही. "आम्हाला डार्कव्हिजन आहे ना!" आहे, पण डार्कव्हिजनमध्ये मिट्ट काळोख हा अंधुक प्रकाशासारखा दिसतो, तोही राखाडी छटांत. अंधुक प्रकाशात डोळ्यांवर अवलंबून असलेल्या परसेप्शनला (आसपासचं टिपण्याला) डिसॲडव्हांटेज, म्हणजे पॅसिव्ह परसेप्शन, फासा न टाकता धरलेला आकडा, ५ ने खाली. १३ चे ८ झाले, आणि डीसी १० चा साधा सापळा पायाखाली आला. शिवाय रंगच दिसत नाहीत, तेव्हा लाल आणि हिरव्या तरफेचं कोडं मशालीशिवाय सुटायचं नाही. हा नियम लावायला लागल्यापासून आमची पार्टी गुहेत शिरण्याआधी तेलाचा हिशेब करते, आणि गुहा पुन्हा गुहेसारखी भीतिदायक झालीये.

छोट्या, पण दर रविवारी होणाऱ्या

क्रिटिकलला, म्हणजे अटॅकवर वीस पडले की, माराचे फासे दुप्पट होतात, मॉडिफायर नाही: १d८+३ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ३) चे २d८+३. रोगच्या स्नीक अटॅकचे, म्हणजे मोक्याच्या वारातल्या जादा माराचे, फासेही दुप्पट होतात, हे मात्र तो स्वतःच आठवण करून देतो. आणि स्नीक अटॅकला लपायची गरज नाही. फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा लांब पल्ल्याचं शस्त्र हवं आणि ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा घ्यायची सवलत) हवा, किंवा शत्रूच्या पाच फुटांत आपला शुद्धीवरचा साथीदार हवा आणि डिसॲडव्हांटेज नको. बिचाऱ्या रोगना महिनोन्‌महिने खांबामागे लपायला लावणारे डीएम मी पाहिलेत.

ॲडव्हांटेज साठत नाही. तीन कारणांनी मिळाला तरी फासे दोनच, आणि एक डिसॲडव्हांटेज आला की सगळं शून्य. टेम्पररी हिट पॉइंटही साठत नाहीत, जुने ठेवा किंवा नवे घ्या. ऑपॉर्च्युनिटी अटॅक शत्रूच्या आवाक्यातून बाहेर पडताना होतो, त्याच्याभोवती गोल फिरताना नाही.

उणे हिट पॉइंट ही जुन्या आवृत्तीची सवय. इथे शून्याखाली काही नाही, पण एक फट आहे आणि तीत बरेच विझर्ड पडतात. शून्यावर आल्यानंतर उरलेलं डॅमेज तुमच्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्हसुद्धा नाही, थेट मृत्यू. कमाल १२, सध्या ५, मार १८: पाच गेले, उरले १३, आणि खेळाडू नवं कॅरेक्टर शीट मागतो.

राक्षस आपला, नियम त्यांचे

आता लोअरकडे, म्हणजे खेळाच्या जगातल्या कथा-इतिहासाकडे, वळू. इथे आपण मराठी लोक एक खास चूक करतो, आणि ती करायला मजाही येते.

डीअँडडीत राक्षस हा प्राणी १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून आहे. नाव आपलं, पण देह त्यांचा: वाघाचं डोकं, उंची वस्त्रं आणि उलटे तळवे. पाचव्या आवृत्तीत तो नाइन हेल्स या नरकातला फीन्ड, म्हणजे परलोकातला दुष्ट जीव, आहे, आणि या जगात मेला तर तिकडे पुन्हा जन्म घेतो. आपल्याकडच्या राक्षसांत विश्रव्याचा मुलगा रावण येतो, बिभीषण येतो, आणि भीम-हिडिंबेचा घटोत्कचही. तिथे कुळ आहे, विद्या आहे, निष्ठा बदलण्याची मुभा आहे. तेव्हा "मी त्याच्यातला बिभीषण शोधतो" म्हणणाऱ्या खेळाडूला डीएमने आधीच सांगावं की कुठला राक्षस चाललाय. आपला चालवायचा असेल तर जरूर चालवा, पण मग मॅन्युअलमधला स्टॅट ब्लॉक (आकड्यांची आणि शक्तींची चौकट) तसाच उचलू नका.

तसाच उचलणार असाल तर पूर्ण वाचा. २०१४ च्या मॅन्युअलप्रमाणे सहाव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही स्पेल त्याच्या इच्छेविना त्याला लागू होत नाही, त्याला ओळखूही शकत नाही. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे नुसती दिवाळी. मेख आहे ती दुसऱ्याच ओळीत: सद्वृत्त माणसाच्या हातातल्या जादुई शस्त्राने भोसकलं की त्याला दुप्पट लागतं. १९७७ मध्ये मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो मरायचा, त्याची ही खूण. हे मी एकदा वाचलंच नव्हतं. पार्टीने चार सेशन राक्षसाचा माग काढला आणि शेवटी जो भाला चालायला हवा होता तो माझ्यामुळे चालला नाही.

दुसरी गल्लत भाषांतराची. डेव्हिल आणि डीमन दोघांनाही आपण सैतान म्हणून मोकळे होतो. डीअँडडीत ते एकमेकांचे हाडवैरी आहेत, त्यांच्या न संपणाऱ्या लढाईला ब्लड वॉर म्हणतात. डेव्हिल नाइन हेल्सचा, शिस्तीतला दुष्ट. तो स्टँप पेपर घेऊन येतो आणि बारीक अक्षरात तुमचा आत्मा लिहून घेतो. डीमन ॲबिस या अराजक पाताळाचा, त्याला करार-बिरार कळत नाही, त्याला फक्त मोडायचं असतं. डीमनशी वाटाघाटी करायला निघालेली पार्टी सहसा डीएमच्या ढिसाळ शब्दाची बळी असते.

विकी वाचून आलेला खेळाडू

फरगॉटन रेल्म्स हे एड ग्रीनवुड यांचं डीअँडडीतलं जग १९८७ पासून छापलं जातंय, आणि त्या जगाचा इतिहास छापताछापता पुढे सरकलाय. जादूची देवी मिस्त्रा तिथल्या १३८५ साली मारली गेली आणि जादूच उधळली. बाल्डर्स गेट ३ घडतो १४९२ मध्ये, तोवर ती परत आलेली आहे. तेव्हा "मिस्त्रा तर मेली" आणि "नाही, जिवंत आहे" म्हणणाऱ्या दोघांनी एकच पान वेगवेगळ्या सालांपर्यंत वाचलेलं असतं. कॅम्पेनचं साल ठरवा, वाद तिथेच थांबतो.

शिवाय एका जगाचं लोअर दुसऱ्याला चालत नाही. लाल ड्रॅगन दुष्ट आणि सोनेरी सज्जन हे रेल्म्समध्ये ठीक, एबेरॉन या दुसऱ्या जगात रंगावरून स्वभाव ठरत नाही. डार्क सनमध्ये धातू दुर्मीळ आहे आणि विझर्डची जादू जमिनीतला जीव शोषून घेते. ड्रॅगनलान्समध्ये ऑर्क नसतातच, आणलात तर जुना वाचक भुवई उंचावेल.

मग ट्रोलला आग लागते हे कॅरेक्टरला माहीत असावं का? खेळाडूला माहीत असतंच. आग किंवा ॲसिड लागल्याशिवाय ट्रोल जखमा भरून काढत राहतो, हे आता गुपित राहिलेलं नाही. त्यावर भुवया ताणून "मेटागेमिंग!" ओरडणं मी सोडलंय. ट्रोलच्या मुलखातल्या पोरांना हे ठाऊक असणारच, जसं आपल्याकडे प्रत्येकाला सापांबद्दल काहीतरी ठाऊक असतं. आणि "नाग दूध पितो" हेही आपल्याला ठाऊकच असतं की! म्हणून मी नेचर (निसर्गज्ञान) रोल मागतो, आणि कमी पडला तर "माहीत नाही" न म्हणता गावात ऐकलेली एक चुकीची गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात आमचा रेंजर ट्रोलवर मीठ फेकत होता.

भांडण लागलंच तर

दोन मिनिटांत पान सापडलं तर ठीक. नाही तर डीएम निकाल देतो, शक्यतो खेळाडूच्या बाजूने, आणि वहीत नोंद होते. पुस्तक सेशन संपल्यावर उघडायचं. निकाल चुकला असेल तर पुढच्या रविवारपासून दुरुस्त, झालेली लढाई मागे नेत नाही. एकच अपवाद: चुकीमुळे कुणाचं कॅरेक्टर मेलं असेल तर ते शुद्धीवर येतं, एखाद्या देवाचं ऋण डोक्यावर घेऊन. आमच्या वहीत सध्या एकतीस नोंदी आहेत. शेवटची अशी: "मॅजिक मिसाइलचे तीन बाण एकालाच लागले तर कॉन्सन्ट्रेशन सेव्ह तीन. विझर्डचा निषेध नोंदवला."