एकटा राहिला की भुंकणारा मोती

आम्ही बाहेर पडलो की मोती भुंकून घर डोक्यावर घ्यायचा. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गेलो, तेव्हा कारण दिसलं: दाराशी येरझाऱ्या, धापा, मग भुंकणं. हा हट्ट नव्हता, भीती होती. ओरडून ती वाढतेच, म्हणून रागावणं कटाक्षाने टाळलं.

किल्ल्या खुळखुळल्या की तो लगेच कान टवकारायचा. मग मी अधूनमधून उगाच किल्ल्या उचलायचो, चपला घालायचो आणि परत येऊन बसायचो. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं, तेव्हा दाराबाहेर काही सेकंद थांबलो, नंतर काही मिनिटं. तो अस्वस्थ व्हायच्या आत परतायचं, सगळी मेख इथेच आहे! त्याला पूर्ण सवय होईपर्यंत एरवी घरातलं कुणीतरी आळीपाळीने त्याच्याजवळ थांबायचं. आता तो दुपारभर शांत राहतो. शेजाऱ्यांनीही आपणहून सांगितलं.